सरांच्या शर्टातली अक्का

शकुंतलाअक्का मला पहिल्यांदा दिसली ती रस्त्यात बसलेली. बीदरच्या मैलूर भागात आम्ही नव्यानं भाड्यानं राहायला आलो होतो. सकाळी दूध आणायला निघाले, तर मैदानाच्या कोपऱ्यावर पाच-सहा माणसं गोळा झालेली. मध्ये एक सायकल आडवी, तिचं पुढचं चाक अजून फिरत होतं आणि शेजारी साठीच्या आसपासची एक बाई पाय पसरून बसली होती. खाली सलवार, वर पुरुषाचा पांढरा, लांब बाह्यांचा शर्ट. कोपर सोलवटलेलं. कुणीतरी तिला उठवायला वाकलं तशी ती म्हणाली, "हात लावू नका. पडलेय, मेले न्हाई. जरा बसू द्या."

माणसं मागं सरकली. गर्दीत बाईमाणूस मी एकटीच. तिनं माझ्याकडं बघितलं.

"तुला येती का सायकल?"

"लहानपणी यायची."

"मग उद्या सकाळी ये. ह्या बाप्यांना शिकवायला येत न्हाई. धरतेत तर सोडत न्हाईत, सोडतेत तर सांगत न्हाईत."

मी गेले. तिच्या बोलण्यात विनंती नव्हती, हुकूम होता, आणि तो मोडावा असं वाटलं नाही. नंतर कळलं की ती तहसील कचेरीत शिरस्तेदार होती आणि नुकतीच रिटायर झाली होती. दिवाळीपर्यंत ती सायकल शिकली. शिकताना इतक्या वेळा पडली की शेजारच्या मेडिकलवाल्या विजूनं तिच्यासाठी आयोडीनची बाटली गल्ल्याजवळच काढून ठेवली होती. शेवटी तोही आमच्याबरोबर यायला लागला. त्याची सायकल महागडी, एका बोटावर उचलावी इतकी हलकी. चौथे रफीकभाई, वीज खात्यातले इंजिनियर. ते फार बोलायचे नाहीत. कुणाचं चाक पंक्चर झालं की मात्र बोलावल्याशिवाय मागं वळून यायचे. असे आम्ही चौघं दर रविवारी सकाळी बीदरबाहेर पडायचो.

या वयात सायकल कामून, असं लोक अक्काला विचारायचे. बँकेत कुणी विचारलं की ती म्हणायची, डॉक्टरनं सांगितलंय. कचेरीतल्या जुन्या माणसांना म्हणायची, पेट्रोल परवडत न्हाई. शेजारणीला म्हणायची, सर सकाळी जरा झोपतेत, तेवढा वेळ मोकळा मिळतो. मला तिनं कधीच काही सांगितलं नाही. मीही विचारलं नाही.

सर म्हणजे तिचे यजमान. मराठी शाळेत भूगोल शिकवायचे. नोकरी संपायच्या आतच त्यांना अर्धांगवायू झाला. उजवी बाजू गेली आणि बोलणं गेलं. दोनच शब्द राहिले, 'व्हय' आणि 'न्हाई'. पण त्या दोन शब्दांत ते बरंच काही बोलायचे. चहा गार झाला असेल तर एक 'न्हाई', पाहुणे कंटाळवाणे असतील तर वेगळं 'न्हाई'. अक्काला ते सगळे वेगवेगळे कळायचे. सरांना आता पाठीमागं नाड्या बांधायचे सैल सदरे लागायचे, म्हणून त्यांचे शाळेतले पांढरे शर्ट अक्का घालायची. खिशाला निळ्या शाईचे डाग होते, ते तिनं घासून काढायचा प्रयत्न केला नाही.

"चांगलं कापड हाय," एवढंच म्हणायची.

तिची सगळी उमर महसूल खात्यात गेलेली. त्यामुळं तिच्या तोंडी कचेरी असायची. चढ म्हणजे फाईल. आमच्या भागात डोंगर नाहीत. जनवाड्याकडून बीदरला येताना रस्ता लाल मातीच्या पठारावर चढतो, चढ म्हणावा असा तेवढाच. त्याच्या पायथ्याशी ती थांबायची, साडी सारखी करावी तसा शर्ट खाली ओढायची आणि म्हणायची, "चला. ही फाईल आज निकाली काढायची. पेंडिंग ठेवायची न्हाई." निम्म्यात दम गेला की उतरून, सायकल ढकलत चालायला लागायची. विजू वरून ओरडायचा, "अक्का, चालायलीस कामून?"

"फाईल वरच्या साहेबाकडं गेली. आता आपल्या हातात काही न्हाई. येईल तवा येईल."

वर आली की ती घाम पुसायच्या आधी डबा उघडायची. ज्वारीची भाकरी आणि शेंगाची चटणी. आम्हाला वाटून मग स्वतः खायची. आणि खाताना शेजारून कुणी जात असेल तर त्याला थांबवायचीच. मेंढरंवाला असेल तर त्याच्याशी कन्नडमध्ये, ट्रकवाल्याशी दखनीत, औरादकडचा कुणी असेल तर मोडक्यातोडक्या तेलुगूत. कुठलं गाव, कुणाचं शेत, पाणी किती लागलं. निम्म्या लोकांचा सातबारा तिला तोंडपाठ असावा असं वाटायचं.

एका रविवारी तिनं स्वतःच सांगितलं, "आज माझ्या बापाच्या गावाला जायचं." ते गाव हुमनाबाद तालुक्यात, दुबलगुंडीच्या पलीकडं. त्याचं नाव मी लिहीत नाही. आता तिथं तसलं काही राहिलं नाही, असं तीच सांगायची. तिचे वडील हुमनाबादला जिनिंगमध्ये कामाला होते. जुनी सायकल घेतली होती. पण गावातून जाताना ते सायकल हातात धरून चालत जायचे, वेशीबाहेर आलं की मग बसायचे. त्या काळी आमच्या लोकांनी गावातून सायकलवर बसून गेलेलं चालत नव्हतं, असं तिनं जाता जाता सांगितलं, जसं एखाद्या रस्त्याचं रुंदीकरण कधी झालं ते सांगावं.

"मी मागच्या कॅरिअरवर असायची. बाप उतरला की मी पण उतरायची. मला वाटायचं, सायकल दमती, मनून उतरायचं असतंय."

गाव आलं. अक्का पुढं झाली. वेशीतून आत शिरली आणि घंटी वाजवायला लागली. रस्त्यात कुणी नव्हतं तरी वाजवत होती. सायकल इतकी हळू की पडते का काय अशी. आम्ही तिघं मागं मागं. दारांतून बायका बघत होत्या. देवळाच्या पुढं एका ओट्यावर एक फार म्हातारे गृहस्थ बसले होते. त्यांनी हात वर केला तशी अक्का थांबली, पण उतरली नाही. एक पाय टेकून उभी राहिली.

"कोण गं तू?"

"किसनची लेक. शकुंतला."

"कोणचा किसन?"

"सायकलवाला किसन."

म्हाताऱ्यांनी तिच्या सायकलकडं निरखून बघितलं. मग म्हणाले, "तो कुठं बसायचा सायकलवर? चालतच जायचा की."

"व्हय," अक्का म्हणाली. "तोच."

म्हाताऱ्यांनी आत बघून चहाला सांगितलं. अक्कानं सायकल ओट्याला लावली, त्यांच्या शेजारी बसून चहा घेतला, नातवंडांची चौकशी केली आणि निघाली. गाव संपल्यावर एका बोअरिंगपाशी तिनं सायकल उभी केली आणि तोंडावर पाणी मारत राहिली. आम्ही तिघं ज्वारीकडं बघत उभे राहिलो. रफीकभाईंनी उगाचच स्वतःच्या चाकातली हवा तपासली.

डोंगराची गोष्ट त्याच वर्षीची. सरांच्या घरी भिंतीवर कर्नाटकाचा जुना नकाशा होता. विजूनं सहज विचारलं की यात सगळ्यात उंच काय. सर खुर्चीत होते. त्यांनी डावा हात उचलून नकाशाच्या खालच्या बाजूला दाखवलं.

"मुळ्ळय्यनगिरी," अक्का म्हणाली. "चिक्कमगळूरजवळ. सगळी नोकरी पोरांकडून वदवून घेतलं त्यांनी. हर परीक्षेला प्रश्न असायचा. पण स्वतः सोलापूर आणि हैदराबादच्या पुढं गेले न्हाईत." मग ती नकाशाजवळ गेली. "लांब हाय का रे लई?"

विजूला तेवढंच हवं होतं. शिमोग्यापर्यंत रेल्वे, तिथून सायकलनं आगुंबे, घाट उतरून कारकळ, परत कुद्रेमुखचा चढ, कळस आणि शेवटी चिक्कमगळूर. अक्का म्हणाली की तिला काही हे जमायचं नाही, सरांना सोडून कोण जाणार. पण तिची धाकटी बहीण निर्मला कमलनगरहून मुद्दाम आली आणि म्हणाली, "जा तू. मी हाय की. मला काय सर चावतेत का?" निघायच्या दिवशी अक्का हेल्मेट काखेत धरून सरांच्या खुर्चीपुढं उभी राहिली.

"सर, जाऊ?"

"व्हय."

"खरंच जाऊ?"

"व्हय, व्हय," सर म्हणाले, आणि त्यातलं दुसरं 'व्हय' आता पुरे झालं, निघ, या अर्थाचं होतं हे मलासुद्धा कळलं.

डिसेंबर होता. मलनाडात सुपारीच्या बागा, धुकं, ओले रस्ते. आम्ही चौघंही सपाटीवरची माणसं, रस्ता कुठं वळतो ते दोन मैलांवरून दिसायची सवय. इथं दर वळणाला नवीन काहीतरी निघायचं. तीर्थहळ्ळीच्या पुढं एका हॉटेलात अक्कानं चहा मागितला तर मालकीणबाई तिचं बीदरी कन्नड ऐकून हसायला लागल्या. कुठलं गाव, विचारलं. बीदर म्हटल्यावर त्यांनी विचारलं, ते आपल्या राज्यातच आहे का?

अक्कानं टेबलावर सांडलेल्या पाण्यात बोटानं नकाशा काढला. "हे कर्नाटक. हे वरचं टोक म्हणजे आम्ही. डोक्यावर. तुम्ही इथं, पोटापाशी." मालकीणबाईंनी चहाचे पैसे घेतले, वर केळी दिली.

चढाची तिला भीती नव्हती. भीती उताराची. आगुंबे घाटाच्या तोंडाशी ती थांबली, खाली बघितलं आणि म्हणाली, "मी चालत येते." वळणं अशी की खालून येणारी बस डोक्यावरून गेल्यासारखी वाटत होती. रफीकभाई म्हणाले, "अक्का, आप मेरे पीछेच आओ. खाई को नक्को देखो. मेरी पीठ देखो." आणि सगळा घाट ते तिच्या पुढं, माणूस चालतो त्या गतीनं उतरले. मागं वळून बघत नव्हते, नुसतं बोलत होते. एवढं बोलताना मी त्यांना आधीही ऐकलं नव्हतं आणि नंतरही नाही. त्यांच्या आईबद्दल, वीज खात्यातल्या बदल्यांबद्दल, बिर्याणीला तांदूळ कुठला चांगला त्याबद्दल. सोमेश्वराला खाली पोचल्यावर अक्काच्या बोटांना ब्रेकचे वळ उठले होते. ती म्हणाली, "रफीकभाई, तुमच्या आम्मीला भेटायचं हाय मला एकदा." रफीकभाई म्हणाले, "हौ," आणि पुन्हा गप्प झाले.

रोज संध्याकाळी मुक्कामाला पोचलं की ती सरांना फोन लावायची. आम्ही तिथंच कुठंतरी पाय चेपत बसलेलो असायचो. तिकडं निर्मला फोन सरांच्या कानाला धरायची आणि अक्का सांगायला लागायची.

"सर, ऐका. तुम्ही फळ्यावर सह्याद्रीची एक रेघ काढायचात न्हवं? ती एक रेघ न्हाई. लई रेघा हायेत. एकामागं एक. आपल्या घरात गाद्या रचल्यात न्हवं, तशा. मागची शेवटची दिसतच न्हाई, नुसती निळी वाटती."

तिकडून बारीक आवाज यायचा. "व्हय."

"आणि इथं पाण्याला आवाज हाय. कुठं बघितलं तर दिसत न्हाई, पण सारखं वाजतंय."

"व्हय."

"औषध घेतलात?"

यावर तिकडून काही यायचं नाही. मग ती निर्मलाशी बोलायची.

कुद्रेमुखचा चढ लांब आहे. झाडी इतकी दाट की दुपारी दिवे लागले असते तरी नवल वाटलं नसतं. मी वनस्पतिशास्त्र शिकवते, तरी मला निम्मी झाडं ओळखू येत नव्हती. अक्कानं त्या दिवशी एकदाही फाईल वरच्या साहेबाकडं पाठवली नाही. थांबायची, श्वास घ्यायची, परत बसायची. झाडी संपून वरचे गवताळ डोंगर लागले तेव्हा ती सायकलवरून उतरली आणि एका दगडावर बसली. आमच्याकडची भाकरी कधीच संपली होती, पोहे होते, ते खाल्ले.

"कसं वाटलं, अक्का?" मी विचारलं.

"एवढं हिरवं कामाचं न्हाई," ती म्हणाली. "नजर कुठं ठेवावी कळत न्हाई." आणि तिनं शर्टाच्या बाहीनं डोळे पुसले.

निर्मलाचा फोन दुसऱ्या दिवशी सकाळी आला. आम्ही कळसमध्ये होतो. लॉजच्या पुढच्या अंगणात कॉफीची फळं वाळत घातली होती आणि त्यांचा आंबूस वास सगळीकडं भरला होता. विजू चेनला तेल देत होता. शिखर आता हाताशी आल्यासारखं झालं होतं. अक्कानं फोन उचलला, ऐकलं, आणि फळांच्या कडेला खाली बसली. सरांना रात्रीपासून ताप, छातीत कफ भरलेला. सकाळी दवाखान्यात नेलं होतं. डॉक्टर म्हणत होते, घाबरायचं कारण नाही, पण आत्ताच काही सांगता येत नाही.

"सरांच्या कानाला लाव," अक्का म्हणाली.

आम्ही हातातली कामं सोडून उभे राहिलो.

"सर. मी येते."

"न्हाई." आवाज फार बारीक होता, पण आम्हाला ऐकू आला.

"येऊ नको?"

"न्हाई."

"पुढं जाऊ? वर?"

"व्हय."

तिनं फोन बंद केला. विजू म्हणाला, "अक्का, सर स्वतः मनायलेत. आजचा आन् उद्याचा दिवस. मग चिक्कमगळूरहून गाडी करून थेट जाऊ. मी चालवतो वाटल्यास." तो वाईट बोलत नव्हता. मलासुद्धा तेच म्हणायचं होतं.

अक्का कॉफीच्या फळांवर हात फिरवत बसली, जशी आपल्याकडं बाया तुरीवर फिरवतात. मग उठली.

"त्यांनी व्हय म्हटलं ते माझ्यासाठी," ती म्हणाली. "मी घरला जायलीय ते पण माझ्यासाठीच. त्यांचं ऐकून वर गेले तर तिथं मला काही दिसणार न्हाई रे."

तिची बॅग मी भरली. रफीकभाईंनी बसची चौकशी केली. बस सुटायच्या आधी ती खिडकीतून विजूला म्हणाली, "तुम्ही जावा. वरून फोन लाव, ते तोंड दिसतंय तसला. सरांना दाखवायचं." मग सायकलकडं बघून म्हणाली, "हिला काय करायचं ते करा." बस वळणाआड गेली.

एका मळेवाल्याची पिकअप चिक्कमगळूरला जाणार होती. अक्काची सायकल त्यात टाकायचं ठरलं. मी दोरी शोधत होते तेवढ्यात विजूनं स्वतःची सायकल उचलून पिकअपमध्ये ठेवली आणि अक्काच्या सायकलची सीट वर करायला घेतली.

"काय करायलास?" मी विचारलं.

"ही जाती वर," तो म्हणाला. "माझ्या सायकलनं रील्समध्येच सगळे डोंगर बघून घेतलेत."

ती लोखंडी सायकल, गिअर जेमतेम, वर मागं जाळीची टोपली. दुसऱ्या दिवशी मुळ्ळय्यनगिरीचा शेवटचा रस्ता लागला. अरुंद, एका बाजूला दरी, आणि चढ असा की गाड्यांची इंजिनं रडतात. विजू, ज्यानं उभ्या जन्मात चढावर पाय टेकला नव्हता, तो उतरून ती सायकल ढकलत होता. पर्यटकांच्या गाड्या हॉर्न देत जात होत्या. मी आणि रफीकभाई बरोबरीनं चाललो. एका वळणावर विजूला दम लागला, तो हँडलवर ओणवा झाला आणि खालमानेनं म्हणाला, "फाईल वरच्या साहेबाकडं गेली." आम्ही हसलो, पण पुढच्या वळणापर्यंत कुणी एकमेकांकडं बघितलं नाही.

उन्हं कलताना शेवटच्या पायऱ्या चढून वर गेलो तेव्हा वारा एवढा होता की उभं राहता येईना. फोन लागला. पडद्यावर आधी दवाखान्याची हिरवी भिंत दिसली, मग अक्काचा अर्धा चेहरा, मग सर. नाकात नळी. विजूनं फोन हातभर लांब धरून हळूहळू गोल फिरवला. डोंगर, त्यामागं डोंगर, खाली आम्ही चढून आलेला रस्ता, ढगांच्या सावल्या. वाऱ्यामुळं काहीच ऐकू येत नव्हतं. मी फोनजवळ कान नेला तेव्हा अक्काचा आवाज आला, "सर, पश्चिम कुठली?"

सरांनी डावा हात उचलला आणि पडद्यावर एका जागी बोट ठेवलं. बोट बरोबर सूर्याच्या बाजूला होतं, असं अक्कानं नंतर सांगितलं.

"अजून फिरव," अक्का म्हणाली. "त्यांचं बघून झालं न्हाई."

विजू फिरवत राहिला. त्याच्या डोळ्यांतून पाणी येत होतं, वाऱ्यानं असेल. मी पडद्याकडं बघितलं. सर डोंगर बघत होते. अक्का डोंगर बघत नव्हती, सरांकडं बघत होती.

सर त्या वेळी बरे होऊन घरी आले, पण पुरते उठले नाहीत. माघात गेले. घरी बुद्धवंदना झाली तेव्हा त्यांचे कितीतरी जुने विद्यार्थी आले होते. त्यातला एक पाटबंधारे खात्यातला मोठा अधिकारी नकाशासमोर बराच वेळ उभा होता. अक्का सगळ्यांना पाणी देत फिरत होती. काही आठवडे ती सायकलवर आली नाही. आम्हीही बोलावलं नाही. मग एका रविवारी मैदानाच्या कोपऱ्यावर ती आमच्या आधी येऊन उभी होती, तोच पांढरा शर्ट, हेल्मेट डोक्यावर.

"उशीर करायलाव लई," एवढंच म्हणाली.

मुळ्ळय्यनगिरीचा विषय तीच काढायची. "माझी एक फाईल पेंडिंग हाय तिकडं." पुढच्या डिसेंबरात जायचं ठरलं. तो डिसेंबर रफीकभाईंच्या मुलीच्या लग्नात गेला. अक्कानं ते लग्न कचेरी चालवावी तसं चालवलं. पाहुण्यांची जेवणं, गाड्या, नवरदेवाच्या बुटांपर्यंत. रफीकभाईंच्या आम्मी तिला शेजारून हलू देत नव्हत्या. दोघी पान खात बसायच्या, कुणाचं तरी उणंदुणं काढत. मुळ्ळय्यनगिरीला जाऊ पुढच्या वर्षी, अक्का म्हणायची, डोंगर कुठं पळून जायलाय.

ती मार्चमध्ये गेली. मी उत्तरपत्रिका तपासायला कलबुर्गीला होते. विजूचा फोन आला. सकाळी गच्चीवर कपडे वाळत घालताना खाली बसली आणि बसलीच राहिली. दवाखान्यात नेईपर्यंत संपलं होतं. मी पोचले तेव्हा सगळं आटोपलं होतं. दोरीवर अजून निम्मे कपडे होते, निम्मे बादलीत. निर्मला ते पिळून वाळत घालत होती, आणि मी तिला हातभार लावला, कारण दुसरं काही सुचेना.

आम्ही तिघं अजूनही रविवारी जातो. जनवाड्याचा चढ संपला की तिघंही थांबतो. थांबायचं काही ठरवलेलं नाही. विजू दर वर्षी डिसेंबर आला की मुळ्ळय्यनगिरीचं नाव काढतो. रफीकभाई नक्को म्हणतात. तो पुन्हा आग्रह करत नाही. मला कधी कधी फार वाटतं की एखाद्या लांबच्या चढावर, निम्म्यात, ती उतरून चालत असावी आणि आम्ही वर उभं राहून तिला हाक मारावी. तिचं उत्तर ऐकू यायला थोडा वेळ लागला तरी चालेल.

मी तिला शेवटचं बघितलं ते मार्च लागायच्या आधीच्या रविवारी, कमलनगरच्या रस्त्यावर. निर्मलाकडं जेवायला गेलो होतो. परतताना समोरून वारा होता. ज्वारीच्या काढण्या चालू होत्या. अक्का म्हणाली, "तुम्ही व्हा पुढं, मी येते सावकाश," आणि एका शेतात काम करणाऱ्या बायांजवळ थांबली. आम्ही निघालो. उन्हं तापली होती, तिघांच्याही पायांत दम उरला नव्हता, माना खाली घालून पायडल मारत होतो.

बऱ्याच वेळानं मागून ट्रॅक्टरचा आवाज आला. ट्रॉलीत कडबा रचलेला, घराएवढा उंच, आणि त्या कडब्यावर त्या सगळ्या बाया डोक्यावर पदर घेऊन बसलेल्या. त्यांच्या मध्ये अक्का. तिची सायकल शेजारी कडब्यावर आडवी टाकलेली. तिच्या हातात हरभऱ्याचा ढाळा होता, ती एक एक घाटा सोलून खात होती आणि कुठल्यातरी बाईचं बोलणं ऐकून मान मागं टाकून हसत होती. आम्ही दिसलो तशी तिनं वरूनच आम्हाला ढाळा दाखवला.

"अक्का," विजू ओरडला, "हे बरं न्हाई."

ती काहीतरी म्हणाली, पण ट्रॅक्टरच्या आवाजात ते ऐकू आलं नाही. ट्रॅक्टर आम्हाला ओलांडून गेला. विजू सीटवरून उठला, मीही उठले, रफीकभाईसुद्धा. तिघांनी जोर लावला. पण वारा समोरून होता आणि कडब्याचा भुसा डोळ्यांत येत होता. पांढरा शर्ट बराच वेळ दिसत राहिला. मग रस्ता वळला.